ट्यूमर मार्करच्या आकड्यावरून अंदाज बांधताना या चुका टाळा

पचनसंस्थेच्या कॅन्सरमध्ये आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज घ्यायला सीईए, सीए १९-९ आणि एएफपी या ट्यूमर मार्करच्या, म्हणजे गाठीमुळे रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या, तपासण्या खरोखर कामाच्या आहेत. घोळ होतो तो रक्त कधी घेतलं आणि तेव्हा शरीरात आणखी काय चाललं होतं, हे न विचारता आकडा वाचल्यामुळे.

काविळीत मोजलेला सीए १९-९ खरा धरणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. स्वादुपिंडाच्या गाठीने पित्तनलिका दाबली की पित्त तुंबतं आणि सीए १९-९ चढतो. नेहमीची मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर. पण कॅन्सर नसताना, नुसत्या खड्याने नलिका अडून संसर्ग झाला तरी तो हजारापुढे जाऊ शकतो. अशा आकड्यावरून ‘आजार पसरलाय’ म्हणून शस्त्रक्रियेचा विचार सोडून देणं हा रुग्णावर अन्याय आहे. नलिकेतला अडथळा दूर झाल्यावर, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मलला आलं की पुन्हा मोजा आणि पुढची तुलना त्याच आकड्याशी करा.

उलटी बाजूही लक्षात असू द्या. सुमारे ५ ते १० टक्के लोक लुईस-निगेटिव्ह (‘लुईस’ या रक्तगटाचा घटक नसलेले) असतात. त्यांच्या शरीरात सीए १९-९ जवळजवळ तयारच होत नाही. गाठ मोठी आणि आकडा अगदीच कमी असेल, तर त्यावर विसंबू नका. तिथे स्कॅनच महत्त्वाचा.

शस्त्रक्रियेआधी सीईए न करणं

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये आधीचा सीईए ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल, तर त्याच स्टेजमध्येही धोका जास्त मानला जातो. आधीचा आकडाच नसेल, तर नंतरचा कशाशी ताडून पाहणार? गाठ पूर्ण निघाली असेल तर वाढलेला सीईए साधारण ४ ते ६ आठवड्यांत नॉर्मलला येतो. दुसऱ्या आठवड्यात मोजून घाबरू नका. सहा आठवड्यांनंतरही उतरला नाही, तर कुठे आजार शिल्लक आहे का ते शोधायलाच हवं. रुग्ण धूम्रपान करतो का, हेही विचारा. त्याने सीईए थोडा वर राहतो.

केमो सुरू होताच आकडा वाढला म्हणून औषध बदलणं

विशेषतः ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत सीईए तात्पुरता वाढू शकतो. त्या काळातल्या वाढीवरून केमो निकामी ठरवू नका. त्यानंतरही चढतच असेल, तर पुन्हा तपासून खात्री करा, मग सीटी स्कॅन. केवळ मार्कर वाढला म्हणून उपचार सुरू करू नयेत.

दर वेळी वेगळी लॅब

कंपनीगणिक किट वेगळं, म्हणून एकाच रक्ताचे आकडेही वेगळे येतात. लॅब बदलावीच लागली, तर एकदा त्याच नमुन्याची दोन्हीकडे तपासणी करून नवा पाया ठरवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा. काही किटमध्ये त्यामुळे मार्कर खोटा कमी दिसतो.

एएफपी नॉर्मल म्हणून निर्धास्त राहणं

यकृताच्या बऱ्याच गाठी एएफपी बनवतच नाहीत. दुसरीकडे, हिपॅटायटिस उसळला तरी तो वाढतो, म्हणून सोबत एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी) पाहा. निदान पक्कं असताना ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वरचा एएफपी मात्र आजार आक्रमक असल्याची खूण समजा.