शाळेच्या अंगणात पाऊस कसा मोजायचा

बीएडच्या वर्गाला मी विज्ञान अध्यापनपद्धती शिकवते. पर्जन्यमापकाचा पाठ फळ्यावर आकृती काढून घ्यायला माझ्या छात्राध्यापकांना मनाई आहे. आकृती, भागांची नावं, व्याख्या आणि गृहपाठ असं पाठाचं टाचण आलं की मी सही करत नाही. सराव पाठाला जाताना बाटली, कात्री, पट्टी आणि सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज घेऊन जायचं. जूनमध्ये हे मांडलं की ऑक्टोबरपर्यंत परिसर अभ्यास, गणित आणि भूगोल तिन्ही विषयांना सामग्री पुरते.

पहिल्या दिवशी मापक बनवूच नका. पाऊस येईल असं वाटलं की मैदानात सरळ कडांचा एक रुंद डबा, तसाच एक अरुंद डबा आणि वर पसरट होत जाणारी बादली ठेवा. आधी विचारा, कशात पाण्याची उंची जास्त भरेल? बहुतेक मुलं रुंद डब्याकडे बोट दाखवतात. त्यांचं उत्तर त्यांच्याच नावासकट फळ्यावर लिहा आणि चूक की बरोबर ते सांगू नका. पाऊस थांबल्यावर पट्टी बुडवली की दोन्ही डब्यांत उंची सारखीच निघते. मग कुणीतरी ओरडतंच, "बाई, बादलीत जास्त पडला!" इथे गप्प बसणं नव्या शिक्षकाला सगळ्यात जड जातं. तरी बसा. बादलीचं तोंड मोठं, बूड लहान. मोठ्या तोंडाने गोळा केलेलं पाणी लहान बुडात उंच चढतं, हे एखादं मूल दहा-पंधरा मिनिटांत स्वतः बोलून दाखवतं. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मापक. कोल्ड्रिंकची दोन लिटरची, मधे खोबण नसलेली बाटली घ्या. वरचा निमुळता भाग जिथे संपतो तिथे कापा आणि तोच भाग झाकण काढून नरसाळ्यासारखा उलटा आत बसवा. दोन्हींच्या कडा एका पातळीत याव्यात. बाटलीचं बूड खाचाखाचांचं असतं, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. खड्यांमुळे बाटली वाऱ्याने पडत नाही हा वरचा फायदा. रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी पारदर्शक टेपने चिकटवा.

रिमझिम असेल तर पट्टीवर नीट कळत नाही. तिथे सिरिंज कामाला येते. रेघेच्या वरचं पाणी ओढून काढा आणि मिली मोजा. बाटलीचा आतला व्यास 10 सेंमी असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस सेंमी होतं, म्हणजे जवळपास 8 मिली पाणी = 1 मिमी पाऊस. तुमच्या बाटलीचा हिशोब सातवीच्या मुलांकडून करून घ्या. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र त्यांना एवढ्या निकडीने एरवी कधी लागत नाही.

जागेबाबत हट्टी राहा. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतर तरी मोकळं हवं. बाटलीची कड जमिनीपासून 30 सेंमीवर ठेवा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत जातात. चार विटांच्या मधे घट्ट बसवा. पत्र्याच्या पन्हाळीजवळ तर अजिबात नको.

नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही त्याच वेळी बदलतो, त्यामुळे आकडे ताडून पाहता येतात. शाळा उशिरा भरत असेल तर जवळ राहणाऱ्या मुलामुलींची पाळी लावा. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं. पाऊस नसेल तर 0 लिहायचा. रेघ मारली तर पाऊस नव्हता की कुणी पाहिलंच नाही ते महिन्यानंतर कळत नाही. रविवार चुकला तर सोमवारी दोन्ही दिवसांची बेरीज लिहून तसा शेरा द्यायचा, निम्मं-निम्मं करायचं नाही. नोंद झाली की पाणी पुन्हा रेघेवर आणायचं. कोरड्या दिवशी ते वाफेने खाली जातं, तेव्हाही. घाटमाथ्यावरच्या शाळांनी संध्याकाळीही वाचून बेरीज करावी, बाटली रात्रीत भरून वाहते.

वहीत एक रकाना नक्षत्राचा आणि एक त्याच्या वाहनाचा ठेवा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू हे घरात रोज बोललं जातं, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती वाहन असलं की पाऊस चांगला, हे आजोबांकडून ऐकलेलं असतं. त्यावर भाषण देऊ नका, अंधश्रद्धा वगैरे तर मुळीच म्हणू नका. नक्षत्र संपलं की बेरीज करा आणि आजोबांना वही दाखवायला सांगा.

महिनाभराची नोंद झाली की खरी मजा. अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठी महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमीची अट असते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असतं. आपल्या बाटलीत 71 आणि मंडळाच्या केंद्रावर 48 असं झालं तर? दोन्ही खरे असू शकतात का? उत्तरासाठी 26 जुलै 2005 चा आकडा द्या. सांताक्रुझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला 75 सुद्धा भरला नाही. माझ्या साताऱ्यात तर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माणच्या मुलांना मी वेगळं गणित देते. शाळेचा पत्रा 100 चौरस मीटर धरा. 1 मिमी पावसाला दर चौरस मीटरवर 1 लिटर, तर 100 मिमीला किती? उत्तर येतं 10,000 लिटर, म्हणजे उन्हाळ्यात येणारा एक अख्खा टँकर. मग पन्हाळीचं पाणी कुठे जातं ते पाहायला मुलं स्वतःच उठतात. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आणि आपण त्याची रात्रीत उतरवून काढायची प्रकल्पवही केली. 'पाणी वाचवा'च्या रंगीत तक्त्यांना माझ्याकडे गुण नाहीत, याचा काहींना राग येतो. येऊ दे.

बाटली उन्हाने ठिसूळ होते, म्हणून दर जूनला नवी कापा, शक्यतो त्याच व्यासाची. व्यास बदलला तर सिरिंजचा हिशोब नव्याने करून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. विटा मात्र त्याच जागी राहू द्यात.