वीजबिलातील महागडी युनिटे आणि घरखर्चातील इतर गळत्या

घरखर्च कमी करायचा ठरला की बहुतेक घरांत पहिली कात्री भाजीला आणि मुलांच्या खाऊला लागते. ज्या रकमा दरमहा ठरलेल्या तारखेला मुकाट्याने खात्यातून जातात, त्यांच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण भाजीत चार पैसे वाचवायचे तर रोज मनाला मुरड घालावी लागते, आणि बिलातील गळती एकदा शोधून बुजवली की पुढची काही वर्षे तिचा विचारही करावा लागत नाही. या लेखातील बरीचशी जागा मी वीजबिलाला दिली आहे, कारण शोधण्यासारखे सर्वाधिक तिथेच सापडते.

महावितरणचे घरगुती बिल हाती आले की आपण एकूण रक्कम आणि अंतिम तारीख पाहून ते बाजूला ठेवतो. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे वेगवेगळे रकाने असतात. स्थिर आकार घर महिनाभर कुलूपबंद राहिले तरी भरावाच लागतो, म्हणून बचतीच्या हिशेबातून तो सोडून द्यावा. वीज शुल्क घरगुती ग्राहकाला १६ टक्के लागते, म्हणजे एक युनिट वाचले तर त्यावरचे शुल्कही वाचते. खरा कळीचा रकाना वीज आकाराचा आहे. त्याचे दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे अशा टप्प्यांनी चढत जातात, आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक असतो. शंभरी ओलांडली की सगळीच युनिटे महाग दराने लागतात, असा एक गैरसमज आहे. तसे होत नाही, महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणूनच १४० युनिटे वापरणाऱ्या घराचे लक्ष्य १४० वर नसावे, वरच्या ४० वर असावे. आपण वाचवतो ते प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. वहन आकार आणि शुल्क धरून दुसऱ्या टप्प्यातील युनिट मला साधारण १२ ते १३ रुपयांना पडते. पुढील हिशेबांत मी १२ रुपये धरले आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांच्या ग्राहकांनी आपापल्या बिलावरचा दर घ्यावा. हिशेबाची रीत तीच राहते.

आता वीज जाते कुठे, हे शोधायचे. त्यासाठी कोणतेही उपकरण विकत आणावे लागत नाही. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरच्या दर्शनी भागावरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. रात्री सगळे झोपल्यावर, पंखे आणि दिवे बंद करून आणि फ्रिजची कळ मिनिटभर काढून, मी जिन्यात टॉर्च घेऊन उभा राहिलो आणि घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजले. शेजाऱ्यांना मी मीटरमध्ये काही खटपट करतो आहे असे वाटले असावे. दिवा दोनदा लुकलुकला. मिनिटाला दोन म्हणजे तासाला १२०. १२० ला ३२०० ने भागले की तासाला ०.०३७५ युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर, म्हणजे घरात ‘काहीच चालू नसताना’ सुमारे ३७ वॉट वीज जात होती. चोवीस तास हेच चालले तर महिन्याला २७ युनिटे, म्हणजे सव्वातीनशे रुपये. शोध घेतल्यावर सेट-टॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला टीव्ही, वायफायचा राउटर, पाण्याच्या फिल्टरचा दिवा आणि कोणीही वापरत नसलेला जुना स्टॅबिलायझर अशी मंडळी निघाली. राउटर चालू ठेवला, बाकीच्यांसाठी एकच कळ असलेला एक्स्टेंशन बोर्ड लावला. ही चाचणी एकेक उपकरण चालू करूनही करता येते, आणि एका संध्याकाळीच घरातील खादाड कोण ते कळते.

हे करण्यापूर्वी मीटरचे रीडिंग भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहायला लागावे. दुधाचे खाडे जिथे मांडतो, त्याच चौकटीत दर रविवारी मीटरचा आकडा लिहिला की आठवड्याचा वापर आपोआप दिसतो आणि महिना संपण्यापूर्वी आपण कोणत्या टप्प्यात जाणार ते समजते.

पंख्यांकडे आपण फारसे लक्ष देत नाही, कारण एक पंखा किती वीज खाणार असे वाटते. जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट घेतो. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला ३४ युनिटे होतात. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या कमी विजेच्या मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो, म्हणजे १३ ते १४ युनिटे. फरक २० युनिटांचा, अर्थात २४० रुपयांचा. असा पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो, त्यामुळे जो पंखा सर्वाधिक तास फिरतो, बहुधा दिवाणखान्यातला किंवा आजीच्या खोलीतला, तो आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही साधत नाही. जुन्या खोक्यासारख्या रेग्युलेटरवर पंखा हळू फिरवला तरी वीज फारशी वाचत नाही, कारण उरलेली वीज रेग्युलेटर गरम करण्यात जाते.

फ्रिजसाठी दहा रुपयांची नोट पुरते. दारात ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकवून दार लावावे आणि ओढून पाहावी. सहज निघून आली तर दाराचे रबर सैल झाले आहे, ते बदलून घ्यावे. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि मागच्या जाळीवरची धूळ दिवाळीच्या साफसफाईत तरी झाडावी. नवा घ्यायचा असेल तर नुसते तारे मोजू नयेत; ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलवर वर्षाला लागणारी युनिटे छापलेली असतात, आणि ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असल्याने लेबलचे वर्षही पाहावे. एसीचे तापमान प्रत्येक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा याच ब्यूरोचा हिशेब आहे. २६ अंशांवर एसी आणि मंद पंखा, एवढ्यावर मे महिन्यातील पुण्याची रात्रही निभावते. नागपूरकरांना मी हे सांगायला जाणार नाही.

गीझरबाबत एक साधे गणित लक्षात ठेवावे. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागते, म्हणजे चार रुपयांच्या थोडे वर. माणसे चार असतील तर महिन्याला ४२ युनिटे. हे टाळता येत नाही, पण पाणी ६० अंशांपर्यंत तापवून मग त्यात गार पाणी ओतत बसणे टाळता येते, कारण टाकीतले पाणी जितके जास्त गरम, तितकी त्याची उष्णता वाया जाते. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकल्या तर तेही फायद्याचे ठरते.

बिल भरण्याच्या रीतीतही पैसे आहेत. महावितरणचे बिल त्यावरील तारखेपासून ७ दिवसांत भरले तर कर व शुल्क वगळून १ टक्का सवलत मिळते, ऑनलाइन भरल्यास आणखी पाव टक्का मिळतो, आणि अंतिम तारीख चुकली तर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. दोन हजारांच्या बिलावर हा फरक ४५ ते ५० रुपयांचा होतो. वर्षभराचा हिशेब केला तर एका सिलेंडरच्या किमतीचा चांगला मोठा भाग त्यातून निघतो. मीटर रीडिंगच्या जागी सरासरी युनिटे लावली असतील, दार बंद असल्याने रीडिंग मिळाले नाही असा शेरा असेल, तर अ‍ॅपवरून स्वतः रीडिंग पाठवावे. दोनतीन महिन्यांचे युनिट एकदम लागून आले तर टप्प्यांचा लाभ तितक्या महिन्यांत विभागून दिला आहे की नाही ते तपासावे, आणि दिला नसेल तर लेखी अर्ज करून बिल दुरुस्त करून घ्यावे.

छतावरच्या सौर संचाबद्दल विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. १ किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिटे देतो. ज्याचे छत स्वतःचे आहे आणि वापर ३०० च्या आसपास किंवा वर आहे, त्याने तो जरूर बसवावा. ज्याचे बिल शंभर युनिटांच्या आत आहे, त्याची स्वस्त टप्प्यातील वीज वाचवून संचाची किंमत लवकर वसूल होत नाही.

इंडक्शन शेगडीने गॅस वाचतो, पण पैसे वाचतात का, हे मी एकदा मांडून पाहिले. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीच्या ज्योतीतून त्यातील साठ-पासष्ट टक्के भांड्याला मिळते असे धरले, तर ती सुमारे ११५ युनिटे. इंडक्शनवर ८५ टक्के मिळते असे धरले, तर तेवढ्याच स्वयंपाकाला १३५ युनिटे वीज लागेल. १२ रुपयांनी त्याचे १६२० रुपये होतात. घरगुती सिलेंडर याहून स्वस्त मिळतो तोवर, दुसऱ्या टप्प्यात असलेल्या घराने रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा हे बरे. सिलेंडर येतो तेव्हा तो वजन करून घ्यावा: रिकाम्या टाकीचे वजन तिच्या कड्यावर कोरलेले असते, त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन यायला हवे. घरपोच पोहोचवण्याचे पैसे पावतीच्या रकमेतच धरलेले असतात, त्यामुळे वर काही देणे बंधनकारक नाही.

स्वयंपाकघरातल्या सवयींबद्दल फार सांगायला नको, आपल्या आया-आज्या ते करतच होत्या. राजमा, छोले, वाटाणे रात्रभर भिजवावेत. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये डब्यांची चळत लावून शिजवावेत. पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी, कारण त्यापुढची मोठी आच फक्त वाफ बाहेर घालवते. ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नरची छिद्रे साफ करावीत.

किराण्यात बचतीची जागा यादीपेक्षा डब्यांत असते. महिन्याचे सामान भरण्यापूर्वी फडताळातले सगळे डबे उघडून पाहावेत. आमच्याकडे एकदा साबुदाण्याच्या तीन अर्धवट पिशव्या निघाल्या. पाकिटावर हल्ली छापील किमतीशेजारी ग्रॅमला किंवा किलोला किती पडते तेही लिहिलेले असते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडतेच असे नाही, म्हणून तो आकडा वाचावा. गहू, तांदूळ आणि तूरडाळ वर्षाची भरण्याची पद्धत जागा असलेल्यांनी सोडू नये. पण उन्हात नीट वाळवून, डाळीला एरंडेल चोळून आणि धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवण्याइतका वेळ नसेल तर दोन महिन्यांचे भरावे. किडलेले पोते सगळ्यात महाग पडते.

मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून १२ वेळा करावा लागत नाही, १३ वेळा करावा लागतो. घरात चार फोन असतील तर चार जादा रिचार्ज होतात. वर्षाचा किंवा ८४ दिवसांचा पॅक दिवसाला किती रुपयांना पडतो ते भागाकार करून पाहावे, आणि दोन जीबी डेटा रोज न संपवणाऱ्या ज्येष्ठांना छोट्या पॅकवर आणावे. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनी मिळकतकराची ४० टक्के सवलत बिलात लागली आहे का ते पाहावे. नसेल तर पीटी-३ अर्ज भरून ती मिळवता येते, आणि ही एकच सवलत वर्षभर दिवे विझवत फिरण्यापेक्षा जास्त पैसे देते.

शेवटी बँकेचे मागील तीन महिन्यांचे विवरणपत्र छापून घ्यावे आणि जी रक्कम तीनही महिन्यांत त्याच आकड्याने गेली आहे तिच्याखाली पेनने रेघ मारावी. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना आपण ओटीपींच्या गर्दीत वाचत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन अशी प्रत्येक परवानगी दोन मिनिटांत रद्द करता येते. माझ्या रेघांखाली एका मनोरंजन अ‍ॅपचे दरमहा १४९ रुपये निघाले. मागची पाने चाळली तेव्हा ते १४ महिने जात होते, एकूण २,०८६ रुपये. ज्या मालिकेसाठी ते अ‍ॅप घेतले होते, तिचा दुसरा भागही मी पाहिला नव्हता.