लकव्याचा पेशंट घरी आणताना

आबांची कवळी चौथ्या दिवशी सापडली. दवाखान्यातून आणलेल्या सामानात, रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. तोवर ते घास घेईनात म्हणून सूनबाई रडून बसल्या होत्या, मुलगा म्हणत होता त्यांनी आशाच सोडलीय, आणि मीही वहीत 'भूक कमी' लिहून मोकळी. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी. बीपी घेतलं, पाठ बघितली, तोंडात मात्र डोकावले नाही.

म्हणून सगळ्यात आधी पेशंटचा चष्मा, कवळी, कानाचं मशीन शोधा. मग औषधांची पिशवी उघडा.

आबा साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, त्यामुळे उजवा हातपाय लुळा पडला आणि बोलणंही गेलं. बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र डावीकडेच असतं, म्हणून हे दोन्ही जोडीनं जातं.

भरवण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण घरी सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. गिळणं सुरक्षित आहे का हे डॉक्टरांकडून किंवा स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या, तोवर तोंडानं काहीच देऊ नका. परवानगी मिळाली तरी आडवं ठेवून भरवायचं नाही. पाठीशी उशा लावून ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली. पाणी आणि चहा पातळ म्हणून सोपे वाटतात, पण ठसका त्यांनीच लागतो. त्यापेक्षा गुरगुट्या भात, दाट पेज बरी. अर्धा चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात. मग थांबा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं. त्यांना 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला, घुरघुरता आला तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवा, तिथं भात साठून राहतो आणि त्यांना कळतही नाही. जेवणानंतर अर्धा तास बसतेच ठेवा. टीव्हीही बंद असू दे.

पाठ. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. एअर बेड घेतला म्हणून यातून सुटका नाही. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात बघा. लाल दिसलं तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. तसंच लालच राहिलं तर आतलं मांस दुखावलंय. त्या जागेवर भार अजिबात नको, चोळूही नका. आपल्याकडे लगेच तेल लावून रगडायची सवय, त्यानं कातडी फाटते. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथं जागा गरम, कडक किंवा काळपट लागते का ते हातानं पाहायचं.

लुळा हात धरून माणूस ओढायचा नाही, खांदा निसटतो. बसवलं की हाताखाली उशी द्या. बंडी घालताना बाही आधी लुळ्या हातात, काढताना आधी चांगल्या हातातून. हे एवढं कळलं की निम्मी झटापट संपते.

आता बोलण्याचं. आबांना सगळं समजत होतं, शब्द मात्र सापडत नव्हता. येणारा जाणारा त्यांच्याशी मोठ्यानं ओरडून बोलायचा, जणू कानच गेलेत. नेहमीच्या आवाजात बोला, एका वेळी एकच प्रश्न, 'हो' किंवा 'नाही'त उत्तर देता येईल असा. दोन सदरे समोर धरा, बोट दाखवू दे. एक दिवस मी सहज 'बे एके बे, बे दुणे चार' सुरू केलं आणि थांबले. आबा म्हणाले, "बे त्रिक सहा." स्पष्ट. पाणी मागता येत नव्हतं त्या माणसाला! लहानपणी घोकलेलं, मोजणी, वार, प्रार्थना बऱ्याचदा शाबूत राहतं. त्यावरून रोज थोडं बोलतं करा, पण परीक्षा घेऊ नका. तिसऱ्या दिवशी नातवानं सत्ताविसाचा पाढा विचारला आणि आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

लकव्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. उगाच रडू येतं, झोप उडते, व्यायाम नको वाटतो. याला 'हट्टीपणा' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, औषध मिळतं. आणि आबांच्या पत्नीला, काकूंनाही झोपू द्या. मी वहीत दोन रात्री मुलाच्या नावावर लिहून दिल्या. तो आधी कुरकुरला, मग नीट करायला लागला.

बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहीना, जीभ अडखळली, यातलं एक जरी नव्यानं दिसलं तरी १०८ लावा. तोंडात पाणी नाही, गोळी नाही, कांदा हुंगवणं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न येईल, शेवटचे ठीक कधी दिसले? आबांच्या खोलीत त्यासाठी घड्याळाखाली खडू टांगलाय. वेळ भिंतीवरच लिहायची, वही शोधत बसायचं नाही.