रविवारी सकाळी फ्लॅट बघायला जाताय? या चुका टाळा

पुण्यात आम्ही सव्वा वर्ष घर शोधत होतो. चाळीसेक फ्लॅट बघितले असतील, आणि जवळजवळ सगळे रविवारी सकाळी अकराच्या सुमारास. पहिली चूक तीच. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, साइट ऑफिसात एसी लावलेला असतो, हातात कॉफी येते आणि ‘हायवेपासून फक्त सात मिनिटं’ हे खरंही वाटतं. वाघोलीतला एक टू बीएचके असाच आवडला होता. टोकन देण्याआधी बायको म्हणाली, एकदा मंगळवारी संध्याकाळी जाऊन येऊ. खराडीपासून पोचायलाच पाऊण तास गेला. गेटवर पाण्याचा टँकर उभा. वॉचमनकाकांना विचारलं, रोज येतो का? ते म्हणाले, “एक असता तर बरं होतं साहेब, उन्हाळ्यात आठ-आठ येतात.” टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच धरलेले असतात, हे ब्रोशरमध्ये कुठेही नव्हतं.

सँपल फ्लॅटवर भाळू नका. तिथल्या खोल्यांना बहुतेकदा दारंच नसतात, पलंगही नेहमीपेक्षा आखूड बनवून घेतलेला असतो. पिशवीत मेजरिंग टेप ठेवा आणि आपल्या घरातल्या पलंगाचं, फ्रिजचं माप लिहून न्या. भाव नेहमी रेरा कार्पेटवर, म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्याने ठरवलेल्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावर काढा. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. ‘सेलेबल’ (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) हा शब्द ऐकला की सरळ विचारायचं, कार्पेट किती?

कागदांच्या बाबतीत आम्ही ज्यात फसता फसता वाचलो ते म्हणजे ‘सीसी’. सेल्सवाला छातीठोकपणे म्हणाला, “सर, सीसी आलेलं आहे.” आम्ही समजलो, काम पूर्ण झाल्याचा दाखला. कागद हातात आल्यावर कळलं, ते बांधकाम सुरू करायची परवानगी होती. एक कम्प्लीशन सर्टिफिकेट, दुसरं कमेन्समेंट सर्टिफिकेट; दोन्हीचं आद्याक्षरी नाव एकच. म्हणून विचारताना पूर्ण शब्द वापरा: पूर्णत्वाचा दाखला आहे का? भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायची परवानगी, आहे का? आणि ते आपल्याच इमारतीचं, आपल्या मजल्यापर्यंतचं आहे का? पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे या प्रश्नाला रोकडा भावही आहे.

बांधकाम चालू असेल तर जाहिरातीतला महारेरा क्रमांक (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) घेऊन घरी निवांत बसा. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली, किती मजले मंजूर आहेत, जागेवर बोजा किंवा कोर्टात दावा आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर बघता येतं. चहा पिता पिता होणारं काम आहे, तरी फार थोडे लोक करतात. आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आजच 20 टक्के भरा, उद्या रेट वाढतोय’ असं कुणी म्हणालं तर उठून निघा.

आता हिशेब, कारण बजेट ठरवताना लोक बोर्डावरचीच किंमत धरतात. पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला 70 लाखांचा फ्लॅट घ्या. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. नोंदणी फी 30 हजार. जीएसटी 5 टक्के, साडेतीन लाख. झाले 8 लाख 70 हजार. बँक या किमतीला जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 56 लाख देते आणि हे वरचे खर्च त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे खिशातून 14 अधिक 8.70, एकूण 22 लाख 70 हजार. पार्किंग, सोसायटी डिपॉझिट, फर्निचर अजून यायचंच आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, इथे 70 हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, हेही बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

रिसेल घेत असाल तर आधीच्या सगळ्या खरेदीची सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) मागा, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि सोसायटीची थकबाकी तपासा, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, ते सेक्रेटरींना विचारा. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात; तुमचे पैसे आधी त्या कर्जखात्यात जाऊ द्या. ट्रान्सफर फी म्हणून महापालिका हद्दीत सोसायटीला 25 हजारांहून जास्त घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ मागतील, त्यावर हसून गप्प बसायचं.

आणि जमलं तर जुनं घर पावसाळ्यात बघा. ताज्या रंगाचा वास आला की भिंतीला टेकलेलं कपाट सरकवायला सांगा. लाज वाटते, पण सांगा. आम्ही शेवटी घेतलेलं घर जुलैत पाहिलं. बेडरूमच्या खिडकीखाली हातभर ओल होती. मालकांनी स्वतःच दाखवली, वॉटरप्रूफिंगचा खर्च भावातून कमी केला, आणि वर म्हणाले, पाणी मात्र दोन्ही वेळ येतं. आम्ही तरी संध्याकाळी परत येऊन नळ उघडून पाहिला.