परसातल्या खड्ड्यात चुंबकीय वादळ: घरच्या घरी नोंद कशी घ्यायची

काचेची बरणी, तिच्यात धाग्याला टांगलेला छोटा चुंबक, चुंबकाला चिकटवलेला आरशाचा तुकडा आणि त्यावर सोडलेला लेझर. भिंतीवरचा लाल ठिपका सरकला की समजायचं, चुंबकीय वादळ आलं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं. युरोपातले हौशी लोक असं यंत्र करतात, म्हणून मीही केलं. ठिपका हलायचा, पण घरातला पंखा लावला की.

चूक बरणीची नव्हती, अक्षांशाची होती. टांगलेला चुंबक दिशा दाखवतो. ध्रुवांजवळच्या देशांत वादळात दिशाच डळमळते, म्हणून तिथे बरणी कामाची. आपल्याकडे गोष्ट वेगळी. वादळात विषुववृत्तावर खूप उंच, पृथ्वीच्या काही त्रिज्यांइतक्या अंतरावर, भारित कणांचा प्रवाह पश्चिमेकडे जोरात वाहू लागतो. त्याचं क्षेत्र आपल्या उत्तर-दक्षिण क्षेत्राच्या बरोबर उलट पडतं. सुई जवळजवळ जिथल्या तिथे राहते, तिला धरून ठेवणारी ओढ तेवढी कमी होते. म्हणून आपण मोजायची ती ओढ.

किती कमी होते? मुंबई-अलिबागकडे आडवं क्षेत्र साधारण ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे. १० मे २०२४ चं वादळ गेल्या दोन दशकांतलं सर्वांत मोठं. त्यात वादळाचा जोर सांगणारा जागतिक डीएसटी निर्देशांक सुमारे ४०० नॅनोटेस्ला खाली गेला. म्हणजे जेमतेम एक टक्का. नेहमीची वादळं ५० ते १०० ची. एवढा फरक दिसेल असा सेन्सर हवा.

मोबाइलमधला किंवा दीडशे-दोनशे रुपयांचा क्यूएमसी५८८३एल हा चुंबकीय सेन्सर इथे चालत नाही, त्याच्या स्वतःच्या खरखरीतच (आकड्यांची विनाकारण थरथर) वादळ बुडून जातं. आरएम३१०० हा सेन्सर घ्या. काही हजार रुपये जातात, पण खर्च काय तो हाच. सोबत ईएसपी३२ बोर्ड (वाचनं घेणारा छोटा संगणक), आयटूसी एक्स्टेंडरची जोडी (सेन्सरचे संदेश लांब केबलमधून नेणारी), दहा-पंधरा मीटर नेटवर्क केबल, चार इंची पीव्हीसी पाइप, त्याची दोन झाकणं आणि पितळी स्क्रू. लोखंडी स्क्रू एकही नको. पितळी म्हणून मिळणारे कधी कधी पॉलिश केलेले लोखंडीच निघतात, तेव्हा खिशात चुंबक ठेवूनच दुकानात जा.

जागा निवडण्यात घाई करू नका, अर्धं काम तिथेच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १८५९ च्या प्रसिद्ध वादळात तिथेच सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडू नयेत म्हणून वेधशाळेला चुंबकीय उपकरणं अलिबागला हलवावी लागली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं, इमारत बांधली ती लोखंड न वापरता. आपल्या घरातल्या ट्राम म्हणजे दुचाकी, बोअरची मोटर, लोखंडी कपाट, लिफ्ट. गच्चीही नको, स्लॅबमध्ये सळया असतात. परसातला सर्वांत लांबचा कोपरा घ्या, गाडी उभी राहते तिथून किमान दहा मीटर. फक्त फ्लॅटच असेल तर सोसायटीच्या बागेचा कोपरा मागून बघा.

तिथे दोन फूट खोल खड्डा करा. खोली महत्त्वाची, कारण सेन्सर तापमानाने सरकतो. दिवसरात्रीचा चढउतार तेवढ्या खोलीवर जवळपास विरतो. सेन्सर लाकडी पट्टीवर पितळी स्क्रूने बसवा, पट्टी पाइपात घट्ट सरकवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि झाकणं सोल्व्हेंटने सील करा. केबल बाहेर येते तिथे सिलिकॉन सढळ हाताने भरा. माझा पहिला पाइप पावसाळ्यात पाण्याने भरला, तो इथूनच.

आता रोख. सेन्सर एकमेकांना काटकोनात असलेल्या दिशांतलं क्षेत्र वेगवेगळं मोजतो, त्या दिशा म्हणजे त्याचे एक्स, वाय असे अक्ष. इथे बरेच जण चुकतात. एक्स अक्षाचा आकडा सर्वांत मोठा येईपर्यंत पाइप फिरवत बसू नका. कमाल आकड्याच्या आसपास पाच अंश इकडेतिकडे झालं तरी फारसा फरक दिसत नाही. त्याऐवजी आतली पट्टी आडवी राहील असा पाइप पाणसळीने बसवा आणि वाय अक्ष शून्यावर येईपर्यंत तो आडवा ठेवूनच सावकाश फिरवा. शून्य नेमकं सापडतं. वाय शून्य झाला आणि एक्सचा आकडा उणे नसला की एक्स आपोआप चुंबकीय उत्तरेकडे. मग माती लोटा, दाबा, आणि आठवडाभर आकड्यांकडे बघू नका. माती बसेपर्यंत पाइप थोडा सरकतोच.

प्रोग्राममध्ये विशेष काही नाही. नेहमीच्या सेटिंगला हा सेन्सर एका मायक्रोटेस्लाला (१,००० नॅनोटेस्ला) ७५ आकडे देतो, म्हणजे एक पायरी १३ नॅनोटेस्लांची. एकेकटं वाचन ओबडधोबडच. सेकंदाला दहा वाचनं घ्या आणि मिनिटाची सरासरी साठवा. सहाशे वाचनांत खरखर एकमेकींना खोडते, आणि पायरीपेक्षा बारीक फरकही दिसू लागतो. वेळ इंटरनेटवरून जुळवून यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळ) नोंदवा. भारतीय वेळेत नोंदलीत तर पुढे दर तुलनेला साडेपाच तास वजा करत बसाल.

आलेखात पहिल्यांदा वादळ दिसणार नाही, सूर्य दिसेल. रोज सकाळी रेघ चढते, दुपारच्या सुमारास काही डझन नॅनोटेस्लांचा उंचवटा येतो आणि संध्याकाळी ती बसते. हा उंचवटा स्वच्छ दिसला की यंत्र चालतंय असं समजा. वादळाचं रूप निराळं: आधी काही मिनिटांत वर उसळी (१० मे २०२४ ला ती भारतीय वेळेने रात्री १०:३५ च्या सुमारास आली), मग काही तासांचा खोल उतार आणि त्यानंतर दिवस दोन दिवसांची संथ भरपाई. उसळी प्रत्येक वादळात येतेच असं नाही.

मात्र कोणतीही उडी दिसली की आधी अलिबागचा आलेख उघडा, तो इंटरमॅग्नेटवर (जगभरच्या चुंबकीय वेधशाळांचं जाळं) मिळतो. क्योटोचा डीएसटी निर्देशांकही बघा. दोघांतही तीच उडी असेल तर ती आकाशातली. फक्त तुमच्याकडे असेल तर चप्पल घाला आणि बाहेर जा. माझ्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता बरोबर साठ नॅनोटेस्लांची पायरी यायची आणि सकाळी नऊला उतरायची. पंधरा दिवस मी त्यावर डोकं खपवलं. शेजारच्यांनी कुंपणाला लागून स्कूटर लावायला सुरुवात केली होती.