कॉलेजमध्ये समुपदेशन घेताना या चुका टाळा

केटी लागते म्हणजे विषय राहतो, हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येतं, घरी फोन जातो आणि मग विभागप्रमुख सांगतात, ‘समुपदेशकांना भेटून ये.’ अनेक मुलांची समुपदेशन कक्षाशी पहिली ओळख अशी शिक्षा झाल्यासारखी होते. तोवर अख्खं सेमिस्टर हातचं गेलेलं असतं.

इतका उशीर करू नका. झोप उडाली आहे, मेसमध्ये ताटावर बसवत नाही, लेक्चरमधलं काही डोक्यात शिरत नाही, मित्रांचे फोन उचलावेसे वाटत नाहीत, आणि हे दोन आठवडे चाललं आहे? जायला एवढं कारण पुरेसं आहे. ‘इतरांचं माझ्याहून वाईट आहे’ म्हणून थांबू नका.

गुप्ततेबद्दल न विचारता बोलायला सुरुवात करणं ही दुसरी चूक. मुलांची भीती खोटी नाही. काही कॉलेजांत एखाद्या प्राध्यापकांकडेच समुपदेशनाची जादा जबाबदारी असते. ज्या मॅडम इंटर्नलचे गुण देतात, त्यांच्यापुढे घरातली भांडणं कोण काढेल? म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा : तुमचं प्रशिक्षण काय? नोंदी कुठे राहतात? प्राचार्यांना किंवा घरी काय कळतं? असं विचारणं उद्धटपणा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क देतो आणि समुपदेशनाची व्यावसायिक नीतीही तेच सांगते. जिवाला धोका असेल तर मात्र समुपदेशक इतरांना कळवू शकतात. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांचा सहभाग येतो, त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांनी हे आधीच स्पष्ट करून घ्यावं.

मग प्रत्यक्ष भेट. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढंच सांगून, वेळापत्रक घेऊन परत येणारी मुलं खूप. खरं कारण मनातच राहतं आणि ‘काही उपयोग झाला नाही’ असा निकाल लागतो. तोंडातून शब्द फुटत नसेल तर आदल्या रात्री मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवा आणि त्याच वाचायला द्या. नंदुरबारहून किंवा लातूरहून पुण्यात आलेल्या मुलाने इंग्रजीत बोलण्याची धडपड करू नये. मराठीत बोलणारे समुपदेशक मागा. दोन-तीन भेटींनंतरही सूर जुळला नाही तर तसं सांगून समुपदेशक बदला. त्यावरून समुपदेशनच निरुपयोगी ठरवू नका.

सुट्टीत धागा तुटतो, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. परीक्षा संपली, बॅग भरली, गावी गेलात, आणि नेमका घरातल्या ताणाच्या वेळीच आधार नाही. निघण्याआधी फोनवर भेट घेता येईल का ते ठरवून घ्या.

समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. चौथ्या दिवशी किंवा बरं वाटताच त्या मनाने बंद करू नका.

कॉलेजात समुपदेशकच नसेल तर मागणी करा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. तोवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालणारी ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतूनही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडीही चालेल.

मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच जवळच्या माणसाला सांगा, १४४१६ वर फोन करा. रूममेट असं काही बोलला तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, त्याला एकटं सोडू नका, रेक्टरना उठवा. त्याने स्वतःला काही करून घेतलं असेल तर ११२ वर फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. पोलीस केसच्या भीतीने मुलं इथे कचरतात. त्याच २०१७च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं आणि तिला शिक्षा करू नये.