घोडा कधी सोडायचा, भाला कुठं रोवायचा

वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला २८ फेब्रुवारी १७२८ रोजी बाजीरावांनी निजामाला कोंडलं ते रसद आणि पाणी तोडून. स्ट्रॅटेजी गेममध्येही घोडदळाचं खरं काम हेच. समोरच्या फळीवर धडका मारत बसाल तर महागडे स्वार वाया जातील.

आधी एज ऑफ एम्पायर्स २ चा हिशोब बघा, लोहाराकडचे अपग्रेड न धरता. नाइट, म्हणजे घोडेस्वार, पडतो ६० अन्न आणि ७५ सोन्याला. त्याचा जीव १००, मार १०. पाइकमनला, म्हणजे भालेकऱ्याला, ३५ अन्न, २५ लाकूड लागतं. जीव ५५, मार ४, घोड्यावर मात्र वरचे २२. नाइटचं चिलखत २ वजा केलं की प्रत्येक घावाला २४ जातात, म्हणजे नाइट पाचव्या घावाला मरतो. तरी एकास एक भिडवलं तर पाइकमनच हरतो, कारण नाइट १.८ सेकंदाला वार करतो आणि पाइकमन सुमारे ३ सेकंदाला. नाइट थोडक्या जीवावर वाचतो. पण दोन पाइकमन १२० मालात होतात, तेही सोन्याशिवाय, आणि दोघांपुढं एक नाइट टिकत नाही. म्हणून भालेकरी सुटे पळवू नका, जोडीनंच लावा.

टोटल वॉर या गेममालिकेत गणित वेगळं. तिथं धडकेचा जोर पहिले काही सेकंदच असतो. नंतर स्वार गर्दीत अडकतो आणि भालेकरी त्याला टिपतात. तेव्हा:

१. पायदळानं समोरची फळी गुंतवून ठेवा.
२. घोडदळ लांबून, चालीनंच पिछाडीला न्या. आधीच दौडवलं तर ते दमतं.
३. समोर मोकळी जागा ठेवून धडक द्या, लगेच मागं घ्या, वळवून पुन्हा द्या.

झाडीत घोडा घालू नका. भालेकरी मात्र शत्रूकडं तोंड करून थांबलेले हवेत. चालताना सापडले तर तेच तुडवले जातात.

बंदुकांच्या काळात पायदळ चौकोन करतं, म्हणजे चारी बाजूंना तोंड करून दाटून उभं राहतं. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांची ७४ वी पलटण तोफांनी भाजून निघाली, वर मराठा घोडदळ आलं. तरी चौकोन करून उरलेले लोक मदत येईपर्यंत तगले. एम्पायर टोटल वॉरमध्ये समोर चौकोन दिसला तर घोडा आवरा आणि तोफ लावा. दाटून उभी माणसं गोळ्याला सोपी जातात. चौकोन मोडून पळापळ सुरू झाली की मगच स्वार सोडा.